खंडेनवमीचे चिनी पाहुणे

माझ्या साडूंचा मला हेवा वाटतो. हे एकदा लिहून टाकलं की पुढचं सांगणं सोपं जाईल. बायकोला हे लग्नाच्या पंगतीपासून माहीत आहे आणि खुद्द साडूंनाही माहीत असावं, कारण ते माझ्याशी फार प्रेमानं वागतात. ज्याच्यावर जळायचं तो माणूस निदान खडूस तरी असावा. हे तसेही नाहीत. सणाला पहिला फोन त्यांचा, आजारपणात पहिला डबा त्यांच्या घरचा. अशा माणसावर जळायला चिकाटी लागते, आणि ती मी इतकी वर्षं टिकवली आहे.

आमचे दोघांचे कारखाने भोपाळच्या गोविंदपुऱ्यात, एकाच रस्त्यावर. त्यांचा कोपऱ्यावरचा, दोन फाटकांचा. माझा रस्त्याच्या शेवटी, नाल्याला लागून. ते विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनवतात. मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळतो, म्हणजे माझं आयुष्य तांब्याची पट्टी आणि तिच्यावरचा कागद यांच्यात गेलं. आमचं घराणं ग्वाल्हेरचं, वडील मास्तर. साडूंचे वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इथं आले. दोघांच्या बायका आनंदनगरच्या एकाच घरातल्या, थोरली त्यांची, धाकटी माझी. त्यांनी बाग सेवनियात बंगला बांधला, आम्ही अजून आनंदनगरातच आहोत. बंगला, गाडी, दुसरं फाटक, हे सगळं मी गिळलं होतं. माणूस गाडीवर जळून जळून थकतो.

शिवाय एक गोष्ट माझ्याकडे होती आणि त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा बंगळुरूला असतो आणि पत्र्याच्या पेट्यांचं नाव काढलं की विषय बदलतो. माझी मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे आणि तिला कारखान्यात यायला आवडायचं. तेलाचा वास, कामगारांची बडबड, सगळं आवडायचं. माझ्यामागे हे सगळं ती बघणार असं मी धरूनच चाललो होतो. साडू कधीकधी म्हणायचे, "साडूबुवा, नशीबवान आहात बाप्पा." ते वाक्य मी घरी आणून बायकोला पुन्हा ऐकवायचो.

तिला ही गोडी लागली ती एका चिनी मशीनमुळे. ती शाळेत होती तेव्हा मी कॉइल गुंडाळायचं एक जुनं, वापरलेलं मशीन घेतलं. मशीन उत्तम, पण पॅनेलवर सगळं चिनी लिपीत. विकणाऱ्यानं एकदा चालवून दाखवलं आणि तो गेला तो गेलाच. कुठलं बटण काय करतं हे आम्ही दाबून दाबून शोधायचो आणि दर वेळी तांबं वाया जायचं. मुलगी शाळा सुटली की कारखान्यात थांबायची. तिनं फोनवर एकेक अक्षर शोधलं आणि कामगारांसाठी प्रत्येक बटणाखाली हिंदीत चिठ्ठ्या चिकटवल्या, 'धीरे', 'खिंचाव', 'उल्टा'. मग तिला त्या अक्षरांचाच नाद लागला. कॉलेजात असताना तिनं कंप्यूटरवरून चिनी भाषेची शिकवणी लावली, परीक्षा दिल्या. इंजिनिअर झाल्यावर ती मशीन विकणाऱ्यांसाठी चिनी माहितीपुस्तकांची भाषांतरं करायची आणि उरलेला अर्धा दिवस माझ्याकडे असायची. मी चारचौघांत सांगायचो, आमच्या मशीनवर शिकली. त्यात माझा वाटा मशीन स्वस्तात मिळालं एवढाच होता, पण सांगायला काय जातं?

मधली काही वर्षं सीमेवर तणाव होता. तेव्हा गोविंदपुऱ्याच्या वळणावरच्या भिंतीवर 'चीनी माल का बहिष्कार करो' असं लाल रंगात लिहिलेलं होतं, आणि कोणी पुढारी फिरकला की मी मशीनवर चादर टाकायचो. मग वारं फिरलं. चीनची विमानं पुन्हा सुरू झाली, व्हिसे मिळू लागले आणि आमच्या शहराच्या मनानं घेतलं की एखादा चिनी कारखाना आपल्याकडे आलाच पाहिजे. त्याच भिंतीला पांढरा रंग फासून तिच्यावर स्वागताचा मजकूर रंगवला गेला, वर हिंदी, खाली चिनी. रंग पातळ होता. दुपारचं ऊन पडलं की स्वागताच्या मागून बहिष्कार दिसायचा.

उद्योग खात्याच्या एका अधिकाऱ्यानं आम्हा कारखानदारांची सभा घेतली. विजेचं सामान बनवणारी एक मोठी चिनी कंपनी हिंदुस्थानात जागा शोधत होती. तिची माणसं भोपाळला येणार, जमीन बघणार आणि आपल्याला माल पुरवू शकतील असे एखाददोन छोटे कारखानेही बघणार. अधिकारी म्हणाला, "हर बार इंदौर वाले मेहमानों को एयरपोर्ट से ही उठा ले जाते हैं। इस बार वो भोपाल में रुकेंगे।" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंदूरचं नाव निघालं की भोपाळवाल्याच्या पोटात काय होतं ते मला नीट कळतं. हे शहर इंदूरवर जळतं आणि मी साडूंवर, त्यामुळे आमचं एकमेकांशी बरं जमतं.

दाखवायला दोन कारखाने निवडले गेले. साडूंचा निवडला जाणार हे ठरलेलंच होतं. दुसरा माझा निघाला, तो त्या चिनी मशीनमुळे. अधिकाऱ्याला वाटलं, त्यांचंच मशीन आपल्याकडे इतकी वर्षं ठणठणीत चालतंय, हे बघून त्यांना बरं वाटेल. मला काय वाटलं ते सांगायलाच नको. कंपनी आपल्याला कॉइलचं काम देईल, कारखाना वाढेल, आणि माझ्या खोलीत माझ्या टेबलाला लागून दुसरं टेबल येईल, मुलीचं. तिच्यासाठी खुर्ची कुठली घ्यायची इथपर्यंत माझं डोकं पोचलं होतं.

मग दुभाष्याचा प्रश्न निघाला. दिल्लीहून माणूस मागवावा लागेल असं अधिकारी म्हणाला. माझ्या शेजारचे साडू उभे राहिले.

"साहब, दुभाषिया घर में है। हमारी बिटिया।"

हमारी. सभागृहातल्या माना त्यांच्याकडे वळल्या. मी तिचा बाप, शेजारच्याच खुर्चीत बसलेला, हातात गार झालेला समोसा. मी उठून 'मेरी बेटी है' म्हणेपर्यंत अधिकारी त्यांचा हात हातात घेऊन हलवत होता.

त्यानंतर मुलगी रोज साडूंकडे जायला लागली. पाहुण्यांना दाखवायच्या चित्रफिती, माहितीपत्रकं, सगळं तिथंच तयार होत होतं, कारण त्यांच्याकडे काचेची केबिन होती, एसी होता आणि बरा चहा होता. आमच्याकडे कूलर. ती संध्याकाळी घरी येऊन सांगायची, काका सगळं ऐकून घेतात, काकांनी माझ्या म्हणण्यावरून पत्रक बदललं, काका म्हणाले ही केबिन तुझीच समज. मी जेवता जेवता ऐकायचो आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणायचो.

एके दिवशी साडू रस्त्यात भेटले. "पोरगी काय झकास काम करून राहिली, साडूबुवा! माझ्याकडेच ठेवून घेतो म्हणतो तिला. तुमची हरकत नाही न?"

ते हसत होते. मीही हसलो. हरकत आहे, असं मोकळेपणानं म्हणता आलं असतं तर मी ग्वाल्हेरचा नसतो. आमच्याकडे माणूस हसतो, घरी जातो आणि मग दोन दिवस बायकोशी बोलत नाही.

पाहुण्यांचा दिवस ठरला आणि मुलीनंच पहिल्यांदा लक्षात आणून दिलं की त्या दिवशी खंडेनवमी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. सैनिकाची तलवार, सुताराचा रंधा, आमची मशीनं. धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून ठेवायचं, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला कामाला लावायचं नाही. आमच्या कामगारांचा याच्याशी संबंध नसतो. त्यांची पूजा विश्वकर्मा जयंतीला, सप्टेंबरातच होऊन जाते. म्हणजे ही सुटी फक्त मराठी मालकाच्या मशीनला.

आता खरं सांगायचं तर मी काही सोवळ्यातला माणूस नाही. संकष्टीला समोर वडे आले तर मी तिथी विचारत बसत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, पूजा दसऱ्याला सकाळी करू," तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. ते तसंच राहिलं असतं. पण त्या रविवारी आम्ही बाग सेवनियाला जेवायला गेलो होतो आणि पुरणपोळीवर तूप घेता घेता साडू म्हणाले, "मी तर खंडेनवमी पुढे ढकलली बुवा. धंदा आधी. देवाले समजते." मेहुणी कौतुकानं हसली. माझी बायको हसली. आणि माझी मुलगी म्हणाली, "काका किती प्रॅक्टिकल आहेत ना!"

माझ्या अंगात एकदम सात पिढ्यांचे पूर्वज संचारले.

"आमच्याकडे चालत नाही," मी म्हणालो. "वडिलांच्या वेळेपासून खंडेनवमीची पूजा त्याच दिवशी होते. चिनी येवोत नाहीतर आणखी कोणी."

माझे वडील मास्तर होते. खंडेनवमीला ते एका पेनाची आणि फूटपट्टीची पूजा करायचे आणि ती दोन्ही त्या दिवशी तशीही कोणाला लागत नसत. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, ते एवढ्या लांबून येणार आणि आपण मशीन बंद दाखवायचं?" मी म्हणालो, श्रद्धा म्हणून काही असते. ती खिडकीबाहेर बघायला लागली. सिग्नलचा कुठला दिवा लागतोय याकडे मी फार लक्ष देऊन बघत होतो.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी गोविंदपुरा मी ओळखू शकलो नाही. रस्त्यावर डांबर पडलं, फक्त ज्या बाजूनं गाड्या येणार त्या बाजूला. माझ्या शेजारच्या नाल्यावर हिरवी जाळी लावली गेली. फुलझाडांच्या कुंड्या भाड्यानं आणल्या होत्या, पण एकाच कारखान्याला पुरतील इतक्या. त्यामुळे असं ठरलं की पाहुणे साडूंकडून निघाले की कुंड्या टेंपोत भरायच्या आणि मागच्या बोळातून माझ्या दाराशी नेऊन मांडायच्या. म्हणजे झाडंसुद्धा मला त्यांची वापरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नान करून मशीनची साग्रसंगीत पूजा केली. पॅनेलवर कुंकवाची बोटं ओढली, रिळाला झेंडूची माळ घातली, पुढे नारळ फोडला. मुलगी साडूंच्या गाडीतून पाहुण्यांना घ्यायला हॉटेलवर गेली होती. बायकोनं शिरा केला होता. आरती म्हणायला मी आणि बायको दोघंच, कारण कामगारांना ती येत नव्हती. ते बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यातला एक जण म्हणाला, "साहब, आज तो चलनी चाहिए थी।" मी त्याला प्रसाद दिला.

साडूंकडे काय झालं ते मला नंतर कळलं. त्यांनी सगळी मशीनं एकाच वेळी सुरू केली होती. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायचा असा धडधडाट उठला होता की पाहुण्यांनी कानाला हात लावले. मुलगी काहीतरी सांगत होती, कोणालाच ऐकू येत नव्हतं. सगळे मान डोलवत आत गेले आणि मान डोलवत बाहेर आले. मग जेवण. उद्योग खात्यानं मुद्दाम हाका नूडल्स आणि मंचुरियन ठेवलं होतं. पाहुण्यांनी ते भोपाळचं खास पक्वान्न समजून आदरानं खाल्लं आणि नाव विचारलं. हे ऐकून मला त्या दिवसातला पहिला आनंद झाला.

मग ते माझ्याकडे आले. कुंड्या नुकत्याच उतरल्या होत्या, दोन झाडांची पानं टेंपोत मोडली होती. पाच-सहा पाहुणे, अधिकारी, साडू आणि माझी मुलगी, निळ्या साडीत. ती साडी मावशीची होती. पाहुण्यांत पुढे होत्या त्या पिकल्या केसांच्या एक बाई, त्यांच्या तांत्रिक विभागाच्या प्रमुख. त्यांनी माळ घातलेलं मशीन पाहिलं आणि चालवून दाखवा अशी खूण केली.

अधिकारी माझ्या कानाशी आला. "भाईसाहब, दो मिनट चला दीजिए। भगवान माफ कर देंगे।"

माझा हात बटणाकडे जाईल की काय असं मला वाटलं. मग फाटकाशी उभ्या असलेल्या साडूंवर नजर गेली. ते मला मान हलवून खुणावत होते, चालवा, चालवा. त्या खुणेनं मला बळ आलं. "आज नहीं चलेगी," मी म्हणालो. "पूजा हो चुकी है।"

अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला. मुलीनं माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि मग बाईंकडे वळून बोलायला लागली.

मशीन बंद होतं म्हणून कारखान्यात शांतता होती, आणि त्या शांततेत पहिल्यांदाच मी माझ्या मुलीला सलग चिनी बोलताना ऐकलं. आधी तिनं पूजेचं सांगितलं असावं, कारण बाई माळेकडे आणि कुंकवाकडे बोट दाखवून विचारत होत्या. मग तिनं पॅनेलचं दार उघडलं. मशीन चालवता येत नाही म्हटल्यावर ते तोंडानं सांगण्यावाचून तिला गत्यंतरच नव्हतं. ती हातवारे करत सांगत गेली. काही गोष्टी मला हातवाऱ्यांवरून कळल्या. मे महिन्यात भोपाळची हवा इतकी कोरडी होते की इन्सुलेशनचा कागद गुंडाळतानाच फाटतो. तिनं त्यासाठी ताणाची यंत्रणाच बदलली होती, मशीनपाशी खसाचा, म्हणजे वाळ्याच्या गवताचा, कूलर बसवला होता आणि किती ओल चालेल याचा अंदाज बसवला होता. बाईंनी तो कूलर बघायला मागितला. गवत हातात घेऊन वास घेतला. मग दोघी पॅनेलमध्ये डोकं घालून उभ्या राहिल्या आणि आम्ही बाकीचे शिऱ्याच्या बशा धरून त्यांच्या पाठी बघत राहिलो. अधिकारी घड्याळ बघत होता. जमिनीची पाहणी राहिली होती.

जाताना बाईंनी माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. मुलगी लाजली, भाषांतर करेना. शेवटी म्हणाली, "त्या म्हणतात, तुमचं मशीन चांगल्या हातात आहे."

साडूंचा चेहरा मी पाहिला. तो पडलेला होता. जिंकलो, असं मला वाटलं. संध्याकाळी मी स्वतः जाऊन पेढे आणले.

पुढं शहराचं काय झालं ते सांगायला फार नाही. ती कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, समुद्राजवळ, बंदर जवळ पडतं म्हणून. माल घेण्याबद्दल साडूंना आणि मला सारखीच गोड उत्तरं आली आणि मग तीही थांबली. इंदूरलाही काही मिळालं नाही, या एका गोष्टीवर गोविंदपुऱ्यानं समाधान मानलं. भिंतीवरचं स्वागत पुढच्या पावसाळ्यात निघून गेलं.

पत्र आलं ते फक्त माझ्या मुलीला. त्या बाईंनी तिला बोलावलं होतं. त्यांच्या मुख्य कारखान्यात दीड-दोन वर्षं शिकायचं, काम करायचं, मग पुढे हिंदुस्थानातल्या नव्या कारखान्याचं बघायचं. मुलीनं हे जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. बायकोनं विचारलं, "आणि इथलं?" मुलगी म्हणाली, "काकांनीही विचारलंय. केबिन, पगार, सगळं. मी अजून कोणालाच कळवलेलं नाही." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी लपवणार नाही. माझ्या मनात चीन आलाच नाही. माझ्या मनात ती काचेची केबिन आली. ही भोपाळात राहिली तर रोज सकाळी माझ्याच घरातून निघून कोपऱ्यावर जाणार, दोन फाटकांपैकी एकातून आत शिरणार, आणि मी नाल्याच्या बाजूनं बघत राहणार. चीन लांब होता, पण तिथं निदान साडू नव्हते.

"तुझं तू ठरव," मी म्हणालो. "मी काही त्या काळातला बाप नाही."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

साडू आमच्या घरी आले ते त्याच आठवड्यात. एरवी ते आले की सोफ्यावर ऐसपैस बसतात. त्या दिवशी दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसले. "साडूबुवा, तुम्ही थांबवा न तिला. मी सांगून थकलो. माझं ऐकून नाही राहिली. तुम्ही बाप आहात. तुमचं ऐकेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं. मी चहा मागवला. बिस्किटं मागवली. पाय पसरून बसलो. मुलींना मोकळीक द्यायला हवी यावर मी त्यांना बराच वेळ समजावलं. ते ऐकत होते आणि रुमालानं चष्मा पुसत होते. इतकं छान मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "तेलही गेलं, तूपही गेलं. हाती धुपाटणं घेऊन बसा आता." मी तिला म्हणालो, तुला मुलीची प्रगती बघवत नाही. त्या रात्री कोणीच नीट जेवलं नाही.

विमानतळावर सोडायला साडूंची गाडी आली, कारण सामान माझ्या गाडीत मावत नव्हतं. बायको आणि मेहुणी घरीच थांबल्या, मला तिथं रडवू नका म्हणून मुलीनंच सांगितलं होतं. मुलगी पुढं, साडूंच्या शेजारी बसली. मी मागं, एक बॅग मांडीवर आणि एक पायांशी. दारापाशी तिनं आम्हा दोघांना नमस्कार केला. आधी साडूंना, कारण ते वयानं मोठे. हेही माझ्या लक्षात राहिलं. मला मिठी मारली तेव्हा तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग नुसतंच म्हणाली, "कूलरचं गवत बदला बाबा, उन्हाळ्याआधी." आणि आत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती तोवर आम्ही दोघं उभे होतो. नंतर दिसेनाशी झाली तरी उभे होतो.

परत येताना मी पुढं बसलो. साडू गाडी फार सावकाश चालवत होते. मागचे लोक हॉर्न वाजवून पुढं जात होते.

"एक सांगू का, साडूबुवा?" ते म्हणाले. "मी तिला शेवटचं विचारलं होतं. म्हटलं, बेटा, केबिन छोटी वाटते का? पगार कमी वाटतो का? काय पाहिजे तुला, काहून जाऊन राहिली?"

मी समोरच्या रस्त्याकडे बघत होतो.

"म्हणाली, काका, तुमच्याकडे मी येणारच नव्हते. मला बाबांचाच कारखाना चालवायचा होता. बाबा एकदा तरी 'थांब' म्हणतील म्हणून मी पत्राला उत्तर न देता वाट पाहिली."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्यांना समोरचं दिसत नव्हतं. ते मोकळेपणानं रडत होते, माझ्या मुलीसाठी, माझ्यासमोर. मला रडू आलं नाही. मी एवढाच विचार करत होतो की हेसुद्धा तिनं त्यांनाच सांगितलं.